मास्तरच्या माठातलं पाणी

१

माझा माग खड्ड्यातला. दिवस उगवला की मी त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, तो जेवणवेळेपर्यंत. आडवा दोरा घालायचा, जड लाकडी फळीनं दोनदा ठोकून बसवायचा, पुन्हा घालायचा. घोंगडी अशीच होते, ठोक्याठोक्यानं. घाई केली की ती सैल पडते, आणि सैल घोंगडीतून थंडी आत येते. अणदुरात माझ्या बापाचाही हाच धंदा. मी शाळा पाहिली ती बाहेरून. पण घोंगडी कुणाच्या हातची आहे हे मी डोळे मिटून, नुसता हात फिरवून सांगतो. हे सांगायचं कारण एवढंच, की मी भुताखेताच्या गोष्टी करणारा माणूस नाही. बोटाला लागेल तेवढंच खरं धरायची मला सवय.

मागाच्या पाठीमागं भिंत, आणि भिंतीपलीकडं एक खोली. मातीची, धाब्याची. अंगणात उघडणारं एक दार आणि हातभर रुंदीची एक खिडकी. त्या खोलीत मास्तर राहायचा.

मास्तर म्हणजे सगुण वेरेकर, गोव्याचा. शाळेत शिकवायचा नाही, पण लोकांचे अर्ज लिहून द्यायचा म्हणून गाव मास्तर म्हणायचं. त्याची-माझी ओळख छावणीतली. निजामाच्या शेवटच्या वर्षी रझाकारांच्या धाकानं आम्ही हद्द ओलांडून सोलापूरकडं पळालो होतो. तिथल्या छावणीत हा वीस-बावीस वर्षांचा पोरगा पाणी वाटायचा. स्वतःच गोव्यातून पळून आलेला. तिथल्या पोर्तुगीज सरकारविरुद्ध घोषणा दिल्या म्हणून पकडला होता, आणि चौकशीत कुणीतरी बुटाखाली त्याचा डावा पाय रगडला होता. अंगठा कायमचा बाहेरच्या बाजूला वळलेला. चालताना तो पाय किंचित ओढायचा.

"आधी तुमचं सुटू दे, काका, मग आमचं," म्हणायचा. आमचं सुटलं. आम्ही घरी आलो. त्याला जायला घरच नव्हतं. पुढची आठ-नऊ वर्षं तो सावंतवाडी, बेळगाव असा हद्दीच्या कडेकडेनं राहिला. मग तिथली माणसं नाहीशी व्हायला लागली. कुणी सकाळी अंघोळीला नदीवर जायचा आणि आठ दिवसांनी कळायचं, की तो पलीकडच्या कोठडीत आहे. तेव्हा छप्पन साली तो बायकोला घेऊन आमच्याकडं आला. बायको शामला, आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत तिकडं अडकलेल्यांची नावं होती, आणि तिकडं राहून अजून मदत करणाऱ्यांचीही.

"इतक्या लांब कोण येतंय, काका," म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

२

आमच्या खंडोबाची मूर्ती एक आणि गावं दोन. वर्षातले दहा महिने देव अणदुरात, उरलेले नळदुर्गात. देव जायचा त्या दिवशी दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसतात आणि कागद होतो. आज देव नेला, अमुक दिवशी परत आणून देऊ. सह्या होतात, अंगठे उठतात, मगच पालखी हलते. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. मास्तरनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पोट धरून हसला.

"तुमचा देव नशीबवान, काका," म्हणाला. "मला नेलं तेव्हा कुणी कागद केला नव्हता."

सत्तावन सालच्या मार्गशीर्षात देव नळदुर्गाला गेला आणि दुसऱ्याच दिवशी मास्तरला चिठ्ठी आली. आई शेवटच्या घटका मोजतेय, तिला हद्दीच्या अलीकडच्या एका गावात आणून ठेवलंय, येऊन भेट. शामला म्हणाली, मीही येते. तो म्हणाला, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. माझ्या धुरपदानं दशम्या बांधून दिल्या. निघताना तो मागापाशी थांबला.

"काका, माझाही करार लिहायचा का? चार दिवसांत परत आणून देऊ म्हणून?"

मी हसलो. "मानसाला कशाला करार? जा, गपगुमान ये."

माझ्या हातून झालेली चूक ती एवढीच. पण एवढीच म्हटल्यानं ती लहान होत नाही.

बाराव्या दिवशी सावंतवाडीच्या त्याच्या दोस्ताचं पत्र आलं. आई आजारी नव्हती. रस्त्यात एक जीप उभी होती, चार माणसं होती, त्यातली दोन कोकणी बोलत होती. झटापट झाली आणि जीप नदीच्या उताराकडं गेली, एवढं एका गुराख्यानं पाहिलं. तिकडच्या सरकारनं सांगितलं, असा माणूस आमच्याकडं नाही. खटला नाही, तारीख नाही, नाव नाही. इकडं आमच्या शेजारचा शांतलिंग, जो सातवी शिकलेला आणि गावाचं लिहिण्याचं सगळं बघणारा, मला आणि शामलाला घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरला. एका कारकुनानं विचारलं, हा माणूस इथला रहिवासी आहे असा कागद दाखवा. कागद नव्हता. मग स्वतःहून गेला असेल, म्हणाला, घर तिकडंच ना त्याचं.

पौष सरत आला तसा देव कराराप्रमाणं परत आला. मास्तर आला नाही.

३

धुरपदानं शामलाला आमच्या घरात आणलं. एकट्या बाईनं त्या खोलीत राहू नये म्हणून. शामला दिवसभर पोलकी शिवायची, काही बोलायची नाही. खोलीला कडी घातली. पण आमच्याकडं गावाला गेलेल्या माणसाचा माठ पालथा घालत नाहीत, म्हणून रोज सकाळी माग सुरू करायच्या आधी मी आत जाऊन आदल्या दिवशीचं पाणी तुळशीला घालायचा आणि ताजं भरायचा.

फाल्गुनात तुळस वाळली.

धुरपदा म्हणाली, ऊन वाढलंय. नवीन रोप लावलं, तेही आठ दिवसांत काळं पडलं. तेव्हा मी माठातलं पाणी चुळीपुरतं तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. खारट होतं. मचूळ नव्हे, खारट. मिठाचा खडा चघळावा तसं. त्याच विहिरीचं पाणी आमच्या घरातल्या माठात गोड होतं.

मी माठ बदलला. नव्या माठातलंही सकाळी खारट. मग भिंत पाहिली. खिडकीखालची भिंत कमरेइतकी ओली, आणि वर पांढरं फूल आलेलं. मी मनाला समजावलं, लोणा लागलाय. मातीच्या भिंतीला लोणा लागतोच. पण लोणा लागायला ओल लागते, आणि त्या साली आमच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. पाऊस येऊन सहा महिने झाले होते. भिंतीला हात लावला तर ती गार होती, आणि हाताला वास लागला. तो वास मला माहीत नव्हता. मासळीसारखा, पण मासळीचा नाही.

मग आवाज. मागावर बसल्यावर माझी पाठ त्या भिंतीला. एका दुपारी दोरा तुटला म्हणून मी थांबलो, गाठ मारत होतो, आणि भिंतीपलीकडं कुणीतरी श्वास घेतला. माणसाचा नव्हे. माणसाच्या छातीत एवढा वारा मावत नाही. लांबून यायचा, वाढत जायचा, काहीतरी खाली आपटावं तसा फुटायचा आणि मग सुंऽऽ करत मागं जायचा. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा.

मी उठून दार उघडलं. खोली जशीच्या तशी. बाज, ट्रंक, खुंटीवर त्याचा सदरा. आवाज नाही. दार लावून मागावर येऊन बसलो, तर पुन्हा श्वास.

कुणाला सांगावं? शामलाला सांगितलं तर ती काय समजेल? मेलेल्या माणसाच्याच खोलीत असलं काही होतं, असं आमच्याकडं मानतात. म्हणून मी तोंड मिटून ठेवलं. फळी जरा जोरात ठोकायला लागलो, म्हणजे घरात ऐकू जाऊ नये.

४

मास्तरला नेल्यावरच्या दुसऱ्या दिवाळीनंतर धुरपदा गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी पहाटे गेली. अडतीस वर्षं तिनं लोकर कातली आणि मी विणलं. सुतकात माग चालवत नाहीत. मी मागावर कापड टाकलं आणि ओसरीवर बसून राहिलो.

पहिले दोन दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे पांगले, आणि मला ठोका ऐकू आला. ठक, ठक. थोडं थांबून, ठक, ठक.

दोन ठोके आणि मध्ये दोरा घालायला लागतो तेवढा वेळ. माझ्याच मागाचा ठोका. मी उठून पाहिलं. मागावर कापड तसंच. आवाज त्याच्या पाठीमागच्या भिंतीतून येत होता. लाकडाचा नव्हता. मूठ बंद करून दगडावर मारावी तसा.

मी कान लावला. श्वास होताच, त्याच्यावर हे ठोके. तासाभरानं थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी रोज ज्या वेळेला मागावर बसायचा त्याच वेळेला, पुन्हा सुरू. रोज. आणि रोज जरा जास्त घाईचे. सातव्या-आठव्या दिवशी तर त्यात काही लयच उरली नव्हती. कुणी बंद दारावर मारावं तसे. मला वाटलं धुरपदाच असेल. ती जायच्या आधी माग चालू आहे का म्हणून विचारत होती. उलट ठोकावं असं हात म्हणायचा, पण उचलवत नव्हता. मेलेल्या माणसाला उत्तर दिलं तर ते आणखी मागतं, असं माझी आई सांगायची. मी कानात बोटं घालून बसलो.

तेराव्याचं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी कापड काढलं, खड्ड्यात पाय सोडले आणि पहिला दोरा ठोकला. ठक, ठक.

भिंतीपलीकडचे ठोके त्याच क्षणी थांबले. मग किती तरी वेळ नुसता श्वास. पण तो ऐकताना पहिल्यांदाच मला वाटलं, की त्याच्या आड कुणीतरी दुसरं, लहान छातीचं, हळूहळू शांत होतंय.

५

एकसष्टच्या वैशाखात पाहुणा आला. पस्तिशीचा, पांढरा सदरा, पँट, पायात बूट. हमरस्त्यावरून चालत आलो म्हणाला. आमच्या वैशाखात रस्त्यावरून दहा पावलं चाललं तरी पाय पांढरे होतात. त्याच्या बुटावर धूळ नव्हती. मी ते पाहिलं, पण पाहुणा उंबऱ्यात आहे म्हटल्यावर पाणी आधी, बाकी नंतर.

त्यानं शामलाच्या हातात चिठ्ठी दिली. तिनं वाचली, खाली बसली, पुन्हा वाचली. मग मला वाचून दाखवली. मी सुटलो आहे. तब्येत बरी नाही. हद्दीच्या अलीकडं दोस्तांकडं आहे. या माणसाबरोबर ये. ट्रंक आण.

"अक्षर त्यांचंच आहे, काका," ती म्हणाली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर रंग आला होता. लगेच उठून कपडे बांधायला लागली.

मला अक्षर कळत नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की एकदा या घरातून माणूस कागदाशिवाय गेला.

"जा की," मी म्हणालो. "पन करार करून जा."

पाहुण्याला कळलं नाही. मी सांगितलं. कोण नेतो, कुठं नेतो, कोणत्या दिवशी परत आणून देणार. पाच जणांसमोर लिहायचं आणि अंगठा उठवायचा. आमचा देव जातो तोही असाच जातो.

तो हसला. "आजोबा, ही बाई आहे. देव नव्हे."

"म्हनूनच म्हनतो. देवाला कुणी कोंडून ठिवत न्हाय."

शामला माझ्यावर चिडली. कधी नव्हे ती. म्हणाली, ते तिकडं आजारी आहेत, आणि तुम्हाला कागद सुचतोय. मी तिला म्हणालो, पोरी, कागद झाला की मी स्वतः तुला मोटारीत बसवून देतो. शांतलिंग नळदुर्गच्या बाजाराला गेलाय, तीनच्या मोटारीनं येईल. तोवर थांब. ती भिंतीकडं तोंड करून बसली. पाहुणा मात्र शांत होता. हो म्हणाला. लिहून देतो, त्यात काय. खोटं लिहिणाऱ्याला लिहायला काय जातं, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. जेवला. उन्हानं डोकं चढलंय म्हणाला, जरा पडतो.

घरात शामला होती. ओसरीवर ऊन आलं होतं. मी त्याला मास्तरची खोली उघडून दिली.

६

दार नुसतं लोटलेलं होतं. कडी बाहेर असते, आणि ती मी घातली नव्हती. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे. घातली नव्हती.

मी मागावर बसलो. त्या दिवशी श्वास लवकर सुरू झाला आणि मोठा होत गेला. इतका, की माझ्या मागावरचे उभे दोरे थरथरायला लागले. मग आत पाहुण्याचा आवाज. कुणाशी तरी बोलत होता. आधी दरडावल्यासारखा, आमच्या भाषेत नव्हे. मग हळू. मग दाराला धक्के. आतून दार ओढायचं तर तो ढकलत असेल, असं मला वाटलं. मी उठून अंगणात गेलो आणि बोटानं दार लोटलं. ते उघडलं. घट्टसुद्धा नव्हतं.

तो बाहेर आला आणि अंगणात उन्हात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत ओला. बुटातून पाणी निथळत होतं. दात वाजत होते, वैशाखातल्या दुपारी.

"त्याला इथं कुणी आणलं?" त्यानं मला विचारलं.

"कुणाला?"

"मी स्वतः कुलूप लावलं होतं. परवा. माझ्या हातानं."

बोलला आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. शामला उंबऱ्यात उभी होती.  त्याच्या पँटवरचं पाणी उन्हानं वाळत होतं आणि कडेला पांढरी रेघ उमटत होती. मग तो वळला आणि हमरस्त्याच्या बाजूला चालू लागला. पळाला नाही. मागं वळून न पाहता, पाय पाण्यातून ओढावेत तसा चालला. त्याची पिशवी आतच राहिली. थोड्या वेळानं बाभळीपलीकडं एक मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

मी खोलीत गेलो. जमीन ओली होती. बुटांचे ठसे बाजेपासून दारापर्यंत, एकावर एक, गोंधळलेले. आणि दुसरे अनवाणी. खिडकीखालच्या भिंतीतून निघालेले, कारण पहिला ठसा अर्धाच होता, टाच भिंतीत. तिथून बाजेपर्यंत आणि बाजेपासून परत भिंतीपर्यंत. घाईचे नव्हेत. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला, आणि तो पाय किंचित ओढलेला.

शामला माझ्या मागून आली. तिनं पाहिलं. ती त्या ठशाजवळ जमिनीवर बसली आणि त्याच्या कडेनं हात ठेवला, ठशाला न लावता. भिंतीतून श्वास येत होता. आम्ही दोघं आत असूनही पहिल्यांदाच थांबला नव्हता.

"आवाज कसला ते म्या तुला कधी सांगितलं न्हाय," मी म्हणालो. "भ्याली असतीस."

"समुद्र आहे तो, काका," ती म्हणाली. "मी त्याच्या काठी वाढले. पहिल्या दिवसापासून ऐकतेय. तुम्ही भ्याल म्हणून बोलले नाही." मग म्हणाली, "आणि बोलले तर बंद होईल म्हणून."

मी समुद्र पाहिला नव्हता. मला कसं कळावं. इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच भिंतीला कान लावून एकमेकांपासून लपवत होतो.

"परवा म्हणाला तो," शामला म्हणाली. "परवा कुलूप लावलं. म्हणजे परवा ते होते."

ऊन उतरेपर्यंत ती तिथंच बसली. ठसा वाळत गेला, आधी टाच, मग चवडा, शेवटी तो वळलेला अंगठा. तीनच्या मोटारीनं शांतलिंग आला तेव्हा लिहायला काही उरलं नव्हतं. तो पिशवी घेऊन पोलिसांकडं गेला. त्यांनी ठेवून घेतली. पुढं काही कळलं नाही. ट्रंक आम्ही हलवली, आणि तिच्यातली नावं कुणाच्या हाती गेली नाहीत.

७

त्यानंतरचे सहा-सात महिने त्या आवाजाची भीती गेली. शामला शिवणयंत्र त्या खोलीत घेऊन गेली. खारट पाणी ती स्वतः पारखून पाहायची, आणि खारट आहे म्हणून तिला बरं वाटायचं.

मार्गशीर्ष आला. करार झाला, देव नळदुर्गाला गेला. पाठोपाठ एक दिवस चावडीवरच्या रेडिओनं सांगितलं, की फौज गोव्यात शिरली. दोन दिवसांत संपलंसुद्धा. पोर्तुगीज गेले. शांतलिंगानं चावडीवर साखर वाटली. शामला माझ्या पाया पडली. मी म्हणालो, माझ्या कशाला.

त्याच दुपारी मी मागावर बसलो आणि मला जाणवलं, की भिंत गप्प आहे.

एका ठोक्यानंतर थांबून ऐकलं. काही नाही. खोलीत गेलो. भिंतीला हात लावला. कोरडी, उन्हानं कोमट, आपल्या मातीची भिंत असते तशी. माठातलं पाणी ओंजळीत घेतलं. गोड होतं.  जवळजवळ चार वर्षांत पहिल्यांदा गोड पाणी तोंडात घेतलं आणि मी बाजेवर बसलो. सुटला असेल तर आवाज थांबणारच. आणि सुटायच्या आधीच संपला असेल, तरीही थांबणारच. दोन्हीला भिंत तशीच गप्प राहणार.

शामलानंही पाणी चाखलं होतं. तिच्या तोंडावरून कळलं. 

सुटलेल्यांची नावं वर्तमानपत्रात येऊ लागली. शांतलिंग रोज वाचायचा. वेरेकर नव्हतं. सावंतवाडीच्या दोस्तानं पोर्तुगीज सरकार कैदी कोंडायचं त्या समुद्राकाठच्या किल्ल्यात जाऊन पाहिलं. कोठड्या रिकाम्या, आणि वहीत या नावाचा माणूस कधी आलाच नव्हता. जो आत गेल्याची नोंद नाही, तो बाहेर आल्याची कुठून होणार? पत्र वाचून शांतलिंगानं चष्मा काढला आणि मला विचारलं, काका, आता काय करायचं. मी म्हणालो, माझी घोंगडी अर्धी राहिलीय.

एक महिना मी एकही दिवस माग थांबवला नाही. हात दुखला तरी. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. भिंत गप्प होती, तरी तिला पाठ लावून मी ठोकत होतो.

८

पौष संपत आला तेव्हा देव परत आला. सगळं गाव वेशीकडं गेलं. शामलाला मी बळंच पाठवलं, भंडारा घेऊन ये म्हणालो. मी मागावर होतो. घर रिकामं, दुपारचे चार वाजले असतील. वेशीकडून येळकोट येळकोट ऐकू येत होतं.

अंगणात पाऊल वाजलं. एक पाऊल, मग एक ओढलेलं.

मी ठोकायचं थांबवलं नाही. थांबलो तर तेही थांबेल असं वाटलं. पाऊल ओसरीवर आलं, मागापाशी आलं. खड्ड्याच्या कडेवर कुणीतरी बसलं. मी आधी पाय पाहिला. डावा. अंगठा वळलेला, नखं काळी, पण वहाण होती, आणि वहाणेवर आमच्या रस्त्याची धूळ होती. तेवढी धूळ पाहून मग मी मान वर केली.

निम्मा झाला होता. केस पांढरे. मी माठातलं पाणी दिलं, त्यानं तांब्या संपवला आणि तळाशी बघत बसला.

"दुसऱ्याच्या नावावर ठेवलं होतं, काका," म्हणाला. "सुटल्यावर दवाखान्यात होतो. वेरेकर मीच आहे हे पटवायला महिना लागला."

मी म्हणालो, शामला वेशीत आहे, हाक मारतो. त्यानं हात धरला. जरा दम घेऊ दे म्हणाला. मग भिंतीकडं बघत त्यानं विचारलं,

"दुसऱ्या दिवाळीनंतर तुमचा माग तेरा दिवस बंद होता. घरात कोण गेलं?"

हे त्याला कुणी लिहिलं नव्हतं. लिहायला पत्ताच नव्हता.

"धुरपदा," मी म्हणालो.

त्यानं मान खाली घातली. तिच्या दशम्या शेवटच्या त्याच्याबरोबर गेल्या होत्या.  मग भिंतीवर हात फिरवला, कमरेइतक्या उंचीवर, जिथून कधीकाळी ओल आली होती.

"तुमचा ठोका रोज ऐकू यायचा, म्हणून दिवस मोजता आले," म्हणाला. "ते तेरा दिवस मोजता येईनात. वाटलं, आता मीच उरलो नाही. मी ठोकत होतो, काका. तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

आलं होतं, हे तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही. मी कानात बोटं घालून बसलो होतो, हेही नाही. मी आडवा दोरा घातला, फळी उचलली आणि दोनदा ठोकली. थांबलो.

मास्तरनं मूठ मिटली आणि मागाच्या लाकडावर दोनदा मारली.

वेशीकडून पालखी देवळाकडं वळली असावी. गलका जवळ येत होता, आणि त्यात अंगणाच्या दिशेनं कुणीतरी पळत येत असल्याचं ऐकू आलं.